हायस्कूलची उतरंड आणि विनोदाची कसोटी

हायस्कूलमधील मुलामुलींच्या जीवनावरचा विनोदी चित्रपट हा अमेरिकी चित्रपटव्यवसायाने गेली चार दशके सातत्याने जोपासलेला प्रकार आहे, परंतु त्याचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांना जाऊन केले जाते. काही जण अशा चित्रपटाला पोरवयाची करमणूक समजून सूट देतात, तर काही जण खरी मुले इतकी चटपटीत बोलत नाहीत आणि खऱ्या शाळा इतक्या चकचकीत नसतात असे सांगून त्याला निकालात काढतात. पहिल्या भूमिकेत चित्रपटाकडून काही अपेक्षाच उरत नाही. दुसऱ्या भूमिकेत अतिशयोक्ती ही विनोदाची प्रकृतीच आहे, याचा विसर पडतो. हायस्कूल हा प्रतिष्ठेच्या उतरंडीवर उभा असलेला एक बंदिस्त समाज आहे हे चित्रपटाला उमगले आहे काय, आणि त्यातून निर्माण होणारे हसू त्या उतरंडीची रचना उघडी करते की उतरंडीच्या तळाशी असलेल्यांवरच कोसळते, हे पाहणे ही या प्रकाराची योग्य कसोटी होय. २००४ साली प्रदर्शित झालेला ‘मीन गर्ल्स’ हा चित्रपट या कसोटीवर घासून पाहण्यास विशेष सोयीचा आहे, कारण त्याचे गुण आणि त्याचे दोष हे दोन्ही या एकाच प्रश्नाशी निगडित आहेत.

बंदिस्त समाज

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी ही चार वर्षे, अर्थात वयाच्या चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा काळ. महाराष्ट्रातील शाळेत तुकडीचा वर्ग ठरलेला असतो आणि तासागणिक शिक्षक बदलतात, तर तेथील हायस्कूलमध्ये सामान्यतः शिक्षकाची खोली ठरलेली असते आणि तासागणिक विद्यार्थीच जागा बदलतात. शिवाय बहुतेक सरकारी शाळांत गणवेशाची सक्ती नसते. या दोन साध्या व्यवस्थांचे परिणाम दूरवर पोहोचतात. ठरलेली तुकडी नसल्यामुळे प्रत्येक मुलाला आपली सोबत आपणच शोधावी लागते, आणि गणवेश नसल्यामुळे रोजचा पोशाख हेच आपले स्थान जाहीर करण्याचे साधन बनते. या चित्रपटांत वर्गखोलीपेक्षा दोन तासांच्या मधली गर्दीची मार्गिका, भिंतीलगतची कुलपांची कपाटे, जेवणाचे सभागृह आणि व्यायामशाळा यांना अधिक महत्त्व येते ते याचमुळे, कारण शिक्षकांची नजर जेथे सैल पडते तेथेच मुलांचा समाज आपले कायदे अमलात आणतो. ‘प्रॉम’ या नावाने ओळखला जाणारा वर्षाखेरचा औपचारिक नृत्यसमारंभ आणि त्यासारख्या समारंभांत मतदानाने निवडले जाणारे राजा-राणी हे या समाजाचे सण आहेत, तर जेवणाच्या वेळी कोणी कोणत्या टेबलावर बसावे हा त्याचा दैनंदिन व्यवहार आहे.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ॲडोलेसंट सोसायटी’ या ग्रंथात इलिनॉय राज्यातील १० हायस्कूलांचा अभ्यास मांडला. विद्यार्थ्यांच्या आपसातील प्रतिष्ठेचा मुख्य आधार अभ्यासातील यश हा नसून मुलग्यांच्या बाबतीत खेळातील कामगिरी आणि मुलींच्या बाबतीत रूप, पोशाख व मान्यवर कंपूतील प्रवेश हा असतो, असे त्यांच्या पाहणीतून पुढे आले. थोडक्यात, शाळेच्या एकाच इमारतीत दोन परीक्षा चालू असतात. एक शिक्षक घेतात आणि दुसरी सोबती, आणि बहुतेक मुलांना दुसरीचीच धास्ती अधिक असते. योगायोग असा की पडद्यावरील हायस्कूलही पुढे पुष्कळदा इलिनॉयमध्येच वसले. दिग्दर्शक जॉन ह्यूज यांनी आपल्या अनेक चित्रपटांसाठी त्या राज्यात शर्मर नावाचे काल्पनिक उपनगर निर्माण केले, आणि ‘मीन गर्ल्स’मधील नॉर्थ शोअर हायस्कूलही शिकागोजवळच्या एव्हन्स्टन येथे असल्याचे दाखवले आहे.

परंपरेचा आराखडा

१९३७ पासून एमजीएम या कंपनीने मिकी रूनीला घेऊन काढलेल्या अँडी हार्डी मालिकेत किशोरवयीन मुलगा हा कुटुंबाच्या कथेचा एक भाग होता, तर १९५५ सालच्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ आणि ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटांनी त्याच्याकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले. मुलांचा समाज हाच विनोदी कथेचा विषय मानण्याच्या दृष्टीने एमी हेकरलिंग दिग्दर्शित ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ हा १९८२ सालचा चित्रपट महत्त्वाचा ठरतो. त्याचे पटकथाकार कॅमरन क्रो यांनी आपली ओळख लपवून सॅन डिएगोतील एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून काळ काढला होता आणि त्या निरीक्षणांवर १९८१ साली पुस्तक लिहिले होते. या चित्रपटात टारगटपणा भरपूर असला, तरी एका मुलीच्या गर्भपाताचा प्रसंग त्यात उपदेश न करता आणि सनसनाटी न माजवता येतो. हसवणारा चित्रपट गंभीर गोष्ट गंभीरपणे दाखवू शकतो, याचा तो चांगला पुरावा आहे.

ह्यूज यांच्या १९८५ सालच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ने वेगवेगळ्या कंपूंतील पाच मुलांना शिक्षा म्हणून एका शनिवारी शाळेच्या ग्रंथालयात कोंडले आणि त्यांच्यावर मारलेले शिक्के तपासले. डॅनियल वॉटर्स यांनी लिहिलेल्या आणि १९८९ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘हेदर्स’ने याच शिक्क्यांकडे काळ्या विनोदाच्या, म्हणजे मृत्यू आणि हिंसा यांनाही हास्याच्या कक्षेत आणणाऱ्या विनोदाच्या, नजरेने पाहिले. ‘मीन गर्ल्स’चे दिग्दर्शक मार्क वॉटर्स हे या डॅनियल वॉटर्स यांचेच धाकटे बंधू, त्यामुळे दोन्ही चित्रपटांतील मुलींच्या सत्ताधारी कंपूचे साम्य पाहताना हा कौटुंबिक धागाही लक्षात घ्यावा लागतो.

१९९५ साली हेकरलिंग यांनीच ‘क्लूलेस’मध्ये जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या १८१५ साली प्रकाशित झालेल्या कादंबरीचे कथानक कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्सच्या हायस्कूलमध्ये नेले. १९९९ साली ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ने शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या बाबतीत तसाच प्रयोग केला. अभिजात सुखात्मिका हायस्कूलमध्ये इतक्या सहज रुजतात यामागे ठोस कारण आहे. ऑस्टिनचे कथानक चालण्यासाठी जेथे सर्व जण एकमेकांना ओळखतात, कोणी कोणाशी बोलावे याचे अलिखित नियम असतात आणि मनपसंत जोडीदार मिळणे हा प्रतिष्ठेचाही प्रश्न असतो, असा लहान समाज लागतो, आणि आधुनिक शहरी जीवनात असा समाज हायस्कूलखेरीज फारसा उरलेला नाही. ‘एमा’वरच बेतलेला ‘आयशा’ हा २०१० सालचा हिंदी चित्रपट दिल्लीतील श्रीमंत तरुणतरुणींमध्ये घडतो; ती पात्रे शाळेच्या बाहेर पडलेली असल्यामुळे त्यांना एकमेकांना टाळण्याची मोकळीक आहे, आणि तेवढ्या प्रमाणात उतरंडीचा दाबही तेथे कमी जाणवतो.

पटकथेची बांधणी

‘मीन गर्ल्स’चा आधार कादंबरी नसून रोझलिंड वाइझमन यांचे ‘क्वीन बीज अँड वॉनाबीज’ हे २००२ सालचे मार्गदर्शनपर पुस्तक आहे. मुलींच्या कंपूंत कोणती भूमिका कोण वठवते आणि त्या कंपूंतून होणारा त्रास कसा ओळखावा, हे पालकांना समजावून सांगणाऱ्या त्या पुस्तकात कथानक नाही. दूरचित्रवाणीवरील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाच्या प्रमुख लेखिका राहिलेल्या टीना फे यांनी त्यातील निरीक्षणांना कथेचे रूप दिले. प्राणिशास्त्रज्ञ आईवडिलांसोबत आफ्रिकेत वाढलेली आणि तोवर घरीच शिकलेली सोळा वर्षांची केडी हेरन प्रथमच शाळेत येते. जॅनिस आणि डेमियन हे उतरंडीबाहेरचे दोघे तिचे मित्र होतात आणि ‘प्लास्टिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन मुलींच्या कंपूत हेर म्हणून तिला धाडतात. कंपूची म्होरकी रेजिना जॉर्ज हिला पायउतार करण्याच्या या कटात केडी हळूहळू स्वतःच दुसरी रेजिना बनते.

बाहेरून आलेली नायिका ही पटकथेची पहिली मोठी सोय आहे. केडीला शाळेचे नियम ठाऊक नसल्यामुळे ते तिला सांगावे लागतात आणि तिच्या निमित्ताने प्रेक्षकालाही कळतात. जॅनिस तिला जेवणाच्या सभागृहाचा कंपूवार नकाशा काढून देते, तर प्लास्टिक्स तिला वेणीपासून जीन्सपर्यंत कोणत्या दिवशी काय चालेल याचे नियम सांगतात, ज्यांत बुधवारी गुलाबी रंग घालण्याचा दंडक सर्वांत प्रसिद्ध आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांची मुलगी असल्यामुळे खरेदी-संकुलातील कारंज्याभोवती जमलेली मुले तिला पाणवठ्यावर आलेल्या श्वापदांसारखी दिसतात. हा निव्वळ गमतीचा प्रसंग नव्हे. त्यामुळे प्रेक्षक निरीक्षकाच्या जागी जाऊन बसतो, आणि पुढे ती निरीक्षक मुलगीच कळपात सामील झाल्यावर तिच्या पतनाची जाणीव त्याला तीव्रतेने होते.

विनोदी पटकथेची कारागिरी तपासताना पूर्वसूचन आणि परिणती यांची जोडी पाहावी लागते. पूर्वसूचन म्हणजे सहज सांगून टाकलेली एखादी बारीकशी गोष्ट, आणि परिणती म्हणजे ती पुढे अनपेक्षितपणे कथेला वळण देते तो क्षण. केडीची गणितातील गती हे याचे ठळक उदाहरण आहे. आवडत्या मुलाची मदत मागता यावी म्हणून ती गणित येत नसल्याचे सोंग करते, त्यासाठी मुद्दाम कमी गुण मिळवते, आणि अखेरीस गणिताच्या स्पर्धेत समोरच्या मुलीच्या रूपावर मनातल्या मनात टीका करत असतानाच, दुसऱ्याला नावे ठेवल्याने आपल्यापुढचे उदाहरण सुटत नाही, हे तिला कळते आणि ती उत्तर देते. कथेची नैतिक बाजू येथे वेगळ्या भाषणातून न येता स्पर्धेतल्या एका प्रश्नातून येते. ‘बर्न बुक’ या निंदेच्या वहीचेही तसेच आहे: केडीने गणिताच्या शिक्षिका मिस नॉर्बरी यांच्याविषयी चिडून लिहिलेली एक खोटी ओळ पुढे पोलीस चौकशीपर्यंत जाते, आणि पोरखेळ वाटणाऱ्या गोष्टीची किंमत एका निरपराध प्रौढ स्त्रीला मोजावी लागते.

हसू नेमके कशावर

हास्याची मीमांसा करताना पाश्चात्त्य परंपरेत दोन उपपत्ती विशेष प्रचलित आहेत. टॉमस हॉब्ज यांच्या नावाशी जोडलेल्या श्रेष्ठत्वाच्या उपपत्तीनुसार दुसऱ्याच्या उणिवेपुढे आपण वरचढ आहोत, या अचानक झालेल्या जाणिवेतून माणूस हसतो. विसंगतीच्या उपपत्तीनुसार अपेक्षा आणि घटना यांचा मेळ न बसल्यामुळे हसू येते. नाट्यशास्त्रातही हास्यरसाच्या कारणांत विपरीत वेश व असंबद्ध बोलणे यांच्याबरोबर व्यंगाचे दर्शन गणलेले आहे, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंतचे हास्याचे सहा प्रकार उत्तम, मध्यम आणि अधम अशा प्रकृतींना वाटून दिलेले आहेत. हसण्यालाही उतरंड असते ही जाण त्या वाटणीत दिसते. हायस्कूलवरील विनोदी चित्रपटात दोन्ही जातींचे हसू असतेच. प्रश्न असतो तो त्यांच्या प्रमाणाचा आणि रोखाचा.

‘मीन गर्ल्स’मधील सर्वांत उत्कृष्ट विनोद विसंगतीचे आहेत आणि त्यांचा रोख नियमांवर आहे. कटाचा भाग म्हणून रेजिनाच्या बनियनला छातीवर दोन गोल भोके पाडली जातात. रेजिना क्षणभर त्याकडे पाहते, तेच अंगात घालून मार्गिकेतून चालत जाते, आणि लवकरच इतर मुली तशीच भोके पाडून शाळेत येतात. अपमानाचे साधनच फॅशन होऊन बसते, कारण या समाजात कपड्याला अर्थ कपड्यामुळे मिळत नाही, तो घालणारीच्या स्थानामुळे मिळतो. कोलमन यांनी तक्त्यांच्या आधारे मांडलेली गोष्ट या प्रसंगात काही क्षणांत दिसते. एकाच वेळी पडद्याचे चार भाग करून दाखवलेल्या दूरध्वनीच्या प्रसंगातही हसू येते ते एकीशी बोलताना दुसरीला ताटकळत ठेवून तिसरीविषयी काढलेल्या उद्गारांच्या गुंत्यामुळे.

मानसशास्त्रात या वर्तनाला संबंधाधिष्ठित आक्रमकता म्हणतात. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ही संकल्पना रूढ झाली. मारहाण न करता अफवा पसरवून, वाळीत टाकून किंवा मैत्री तोडण्याची धमकी देऊन केलेला आघात असा तिचा अर्थ आहे. अशा आघाताची खूण अंगावर उमटत नसल्यामुळे शिक्षकांना आणि पालकांना तो दिसत नाही. चित्रपटाने तो दृश्य केला आणि त्याची हत्यारे, म्हणजे वही, दूरध्वनी आणि गोड स्तुती, पडद्यावर मांडली, हे त्याचे मोठे यश होय.

मात्र याच चित्रपटात श्रेष्ठत्वाचे हसूही जागोजाग आहे. सभागृहाच्या नकाशात काही टेबले वंशावरून ओळखली जातात, आशियाई मुलींची पात्रे ठोकळेबाज आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींशी एका क्रीडाशिक्षकाने ठेवलेले संबंध, जे वास्तवात अल्पवयीन मुलींचे शोषण ठरतात, ते चुटक्यासारखे उरकले जातात. ‘आफ्रिका’ हा शब्दही बहुतांशी एकाच मोघम प्रदेशाच्या अर्थाने येतो. प्लास्टिक्सची उतरंड ज्या बारकाईने तपासली जाते, ती बारकाई या दुय्यम पात्रांच्या वाट्याला येत नाही. चित्रपट उतरंडीचा वरचा मजला उलगडतो, पण तळमजल्यावरच्यांना अंधारातच ठेवतो, ही त्याची खरी मर्यादा आहे.

वय, वेश आणि प्रमाणपत्र

या प्रकारच्या चित्रपटांवर नेहमी घेतला जाणारा एक आक्षेप नटांच्या वयाचा असतो. १९७८ सालच्या ‘ग्रीस’मध्ये हायस्कूलची विद्यार्थिनी झालेल्या स्टॉकर्ड चॅनिंग चित्रीकरणाच्या वेळी ३३ वर्षांच्या होत्या. ‘मीन गर्ल्स’मध्ये केडी झालेली लिंडसे लोहन १७ वर्षांची होती, परंतु रेजिना झालेल्या रेचल मॅकॲडम्स विशीच्या मध्यावर होत्या, आणि रेजिनाच्या आईची भूमिका करणाऱ्या एमी पोलर त्यांच्यापेक्षा केवळ सात वर्षांनी मोठ्या आहेत. अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची बंधने असल्यामुळे निर्माते प्रौढ नटांना पसंती देतात, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. त्याचा दुष्परिणाम असा की पडद्यावरील सोळा वर्षे वास्तवातील सोळा वर्षांपेक्षा अधिक रेखीव आणि आत्मविश्वासपूर्ण दिसतात. तरीही हा दोष प्रत्येक चित्रपटात सारखाच गंभीर मानता येत नाही. रेजिना ही इतर मुलींच्या नजरेतून दिसणारी सत्ता आहे, त्यामुळे तिचे वयापेक्षा मोठे दिसणे कथेला पोषकच ठरते. उलट बो बर्नम यांच्या ‘एट्थ ग्रेड’ या २०१८ सालच्या चित्रपटाचा विषयच त्या वयातील अवघडलेपण हा असल्यामुळे तेथे खऱ्याच चौदा वर्षांच्या एल्सी फिशर यांची निवड अटळ होती.

प्रमाणपत्राच्या व्यवस्थेचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत १९८४ साली ‘पीजी-१३’ हा वर्ग सुरू झाला, ज्याचा अर्थ तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी विशेष सावध राहावे असा आहे. ‘आर’ वर्गातील चित्रपटाला सतरा वर्षांखालील मुलांना पालक किंवा प्रौढ व्यक्तीसोबतच प्रवेश मिळतो. ‘मीन गर्ल्स’ पीजी-१३ वर्गात बसतो आणि म्हणून त्याचा चावटपणा सूचक राहतो, तर ‘एट्थ ग्रेड’ला आर वर्ग मिळाल्यामुळे ज्या वयाच्या मुलांविषयी तो आहे त्यांनाच तो एकट्याने पाहता येत नव्हता. एखाद्या चित्रपटाने किशोरवयाविषयी काय सांगितले नाही, याचा दोष लेखकाला देण्यापूर्वी त्याच्या वर्गाने काय सांगू दिले असते, हे तपासणे न्याय्य ठरते.

प्रौढ माणसे आणि शेवट

किशोरवयीन विनोदपटात मोठी माणसे बहुधा तीन प्रकारची असतात: घरी असूनही नसलेले पालक, हास्यास्पद मुख्याध्यापक आणि एखादा समजूतदार शिक्षक. ह्यूज यांच्या १९८६ सालच्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’मधील विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणारा शाळेचा डीन जवळजवळ व्यंगचित्रच आहे. ‘मीन गर्ल्स’मध्ये मुलीची मैत्रीण होण्याच्या नादात आई होणे विसरलेली रेजिनाची आई हे तसेच व्यंगचित्र असले, तरी तिच्यामुळे रेजिनाचा स्वभाव कोठून आला हे कळते. मिस नॉर्बरी मात्र घटस्फोट झालेली, पोटासाठी दुसरी नोकरी करणारी आणि तरीही विद्यार्थिनीची बुद्धी वाया जाऊ नये म्हणून चिवटपणे तिच्या मागे लागणारी, अशी पूर्ण व्यक्ती आहे. फे यांनी ही भूमिका स्वतः केली आहे, आणि प्रौढांना केवळ अडथळा न मानण्याचा लेखिकेचा विवेक तीतून दिसतो.

समीक्षक नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘ॲनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ या १९५७ सालच्या ग्रंथात सुखात्मिकेची जी रचना मांडली आहे, तिच्यानुसार जुन्या समाजाचा अडसर बाजूला सारून अखेरीस नायकाभोवती एक नवा, अधिक सामावून घेणारा समाज उभा राहतो आणि बहुधा एखाद्या उत्सवात तो साजरा होतो. ‘मीन गर्ल्स’ची अखेर या रचनेबरहुकूम होते. वहीची पाने मार्गिकेत उधळली गेल्यावर मुलींची हाणामारी होते, सर्व मुलींना व्यायामशाळेत एकत्र आणून त्यांच्याकडून कबुली घेतली जाते, आणि वसंतोत्सवाच्या नृत्यसमारंभात राणी ठरलेली केडी आपला प्लास्टिकचा मुकुट मोडून त्याचे तुकडे इतर मुलींना वाटते. व्यायामशाळेचा प्रसंग मूळ मार्गदर्शनपर पुस्तकाच्या सर्वांत जवळ जातो, आणि म्हणूनच तो थोडा बोधप्रद होतो. जे प्रेक्षकाने आतापर्यंत पाहिले तेच त्याला पुन्हा सांगितले जाते. ज्या मुलीचा या शाळेशी काहीच संबंध नाही अशी मुलगी तेथे येऊन भावनाविवश भाषण करते, ही योजना करून लेखिकेने त्या बोधाची धार स्वतःच बोथट केली आहे, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मुकुट वाटला जातो, पण मुकुट देण्याची पद्धत कायम राहते. आणि अगदी शेवटी खालच्या वर्गातील मुलींचा तसाच नवा कंपू दिसतो. व्यक्ती सुधारतात तरी रचना टिकून राहते, ही अखेरची नोंद ‘हेदर्स’च्या जहाल शेवटाइतकी बोचरी नसली, तरी प्रामाणिक आहे.

काळाने घेतलेली परीक्षा

विनोद लवकर शिळा होतो, त्यामुळे या प्रकारचा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी एकदा आणि काही वर्षांनी पुन्हा पारखावा लागतो. ह्यूज यांच्या १९८४ सालच्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये घरचे लोक जिचा सोळावा वाढदिवस विसरतात त्या मुलीची व्यथा आजही ताजी वाटते, पण परदेशातून आलेल्या आशियाई विद्यार्थ्याच्या प्रवेशाला दिलेला घंटेचा आवाज आणि नशेत शुद्ध हरपलेल्या मुलीला दुसऱ्या मुलाच्या हवाली करण्याचा प्रसंग आज सहन होत नाही. ह्यूज यांच्या अशा काही चित्रपटांच्या नायिका मॉली रिंगवॉल्ड यांनीच २०१८ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहून आपल्या जुन्या चित्रपटांची, विशेषतः ‘द ब्रेकफास्ट क्लब’ची, नव्या नजरेने चिकित्सा केली. त्या चित्रपटांना नाकारणे आणि त्यांना पूर्ण माफी देणे हे दोन्ही सोपे मार्ग टाळून त्यांनी मुलींना गंभीरपणे पाहणारी दृष्टी आणि त्याच मुलींच्या अपमानावर उभा असलेला विनोद एका चित्रपटात कसे एकत्र नांदतात, हे दाखवले. मूल्यमापनाचा हा नमुना अनुकरणीय आहे.

व्यावसायिक यश आणि स्मरण हेही पुरावेच आहेत, मात्र ते दुय्यम आहेत. ‘मीन गर्ल्स’ सुमारे १.७ कोटी डॉलरच्या खर्चात तयार झाला आणि त्याने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलर मिळवले. २०१८ साली त्याचे संगीतनाट्य ब्रॉडवेवर आले आणि त्या संगीतनाट्यावरून २०२४ साली पुन्हा चित्रपट निघाला. यांतून त्याची लोकप्रियता सिद्ध होते, गुणवत्ता नव्हे. त्या गुणवत्तेचा निर्णय प्रस्तुत कसोटीवर असा देता येतो: सत्तेची सूक्ष्म यंत्रणा दिसेल अशी करण्यात आणि नैतिक बाजू कथानकात विणण्यात ‘मीन गर्ल्स’ आपल्या परंपरेत अग्रस्थानी आहे, समूहांविषयीच्या ठोकळेबाज विनोदात तो आपल्या पूर्वसुरींच्या फारसा पुढे गेलेला नाही, आणि व्यायामशाळेतील कबुलीच्या प्रसंगात तो दाखवण्याऐवजी सांगू लागतो. हे दोन दोष जमेस धरूनही, किशोरवयीन मुलींच्या परस्परवर्तनाला क्षुल्लक न मानता समाजशास्त्राच्या तोलामोलाचा विषय समजणारा आणि तो विषय हसता हसता समजावून देणारा चित्रपट म्हणून तो या प्रकारातील श्रेष्ठ कृतींमध्येच गणला पाहिजे.